सीलबंद टाकी

१

सील शाबूत होतं आणि डिझेल गायब होतं.

राऊत ट्रान्सपोर्टच्या पाचही ट्रकांची रीत ठरलेली होती. सकाळी निघताना कारकून विपुल पंपावर टाकी काठोकाठ भरून घ्यायचा आणि झाकणाला तार ओवून नंबराचं सील लावायचा. संध्याकाळी गाडी परतली की तोच सील तोडायचा आणि टाकी पुन्हा काठोकाठ भरायचा. जेवढं मावेल तेवढं दिवसभरात जळलं. डिझेल लागोपाठ तिसऱ्यांदा चढलं, तेव्हा मालकीणबाईंनी ही शिस्त लावली होती.

मनीष सावेच्या गाडीत पन्नास लिटर मावायला हवं होतं. मावलं एकसष्ट. आणि हे काही आजचं नव्हतं. गेले पंधरा दिवस आकडा चढतच होता.

विपुलने सीलचा नंबर दोनदा पडताळून पाहिला. नंबर सकाळचाच होता. तार कुठे तुटलेली नव्हती की जोडलेली नव्हती. मनीष हातात किल्ली घेऊन नुसता उभा होता.

शिवाजी मुळीक हे सगळं पंपाच्या सावलीतून बघत होता. यार्डचा सुपरवायझर म्हणून त्याला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्याच्या छातीत कुठेतरी गार वाटलं.

शिवाजी मूळचा माण तालुक्यातला. बोईसरला आला तेव्हा मिसरूड फुटलं होतं. अठ्ठावीस वर्षं त्याने स्टिअरिंग धरलं आणि त्यातली एकोणीस वर्षं थोरल्या राऊतांच्या गाड्यांत सगळ्यात चांगलं ॲव्हरेज त्याचंच असायचं. भरलेल्या ट्रकला लिटरमागे साडेचार किलोमीटर. एमआयडीसीत नवे ड्रायव्हर त्याला बघायला यायचे. मग गुडघा गेला. थोरले राऊतही गेले. त्यांची मुलगी राजनंदिनी, यार्डची ताई, मालकीण झाली आणि तिने त्याला सुपरवायझर केलं. आणि तीन वर्षांपूर्वी चिंचणीचा हा मनीष आला. बी.कॉम. झालेला, हळू आवाजात बोलणारा. त्याने पहिल्याच वर्षी पाचचं ॲव्हरेज काढलं. नवी गाडी घेतली ती त्यालाच मिळाली.

तेवढंही शिवाजीने गिळलं असतं. पण चहाच्या टपरीवर आता सगळे मनीषभोवती बसत.

"आज परत का वाढलं रे?" कोणी विचारलं की तो सांगायचा. बाहेर कच्चं तेल महाग झालं की वाढतं. डॉलर चढला की तेच तेल आणखी महाग पडतं. त्यावर दिल्लीचा कर, त्यावर मुंबईचा कर, मग पंपवाल्याचं कमिशन. "म्हणून तर सिल्वासात भरलं की स्वस्त पडतं. तेल तेच, कर वेगळा."

"मग बाहेर तेल उतरलं तेव्हा आपलं का नाय उतरलं?" प्रीतमने एकदा विचारलं होतं. प्रीतम शिरगावचा, याच यार्डातला दुसरा ड्रायव्हर.

"तेव्हा कर वाढवला. तेल महाग झालं तर भाव वाढतो, स्वस्त झालं तर कर वाढतो. आपल्या टाकीपर्यंत उतार पोचतच नाही."

सगळे कडवट हसले होते. शिवाजीही हसला होता, पण त्याला तो घोट कडू लागला होता. अठ्ठावीस वर्षं त्याने महागाईला शिव्या घातल्या. त्या शिव्यांची अशी नीट फोड करता येते, हे त्याला कधी सुचलं नव्हतं.

त्या संध्याकाळी राजनंदिनीने त्याला ऑफिसात बोलावलं.

"काका, कारखानेवाले भाडं मार्चपर्यंत वाढवणार नाहीत. करार तसाच आहे. डिझेल मात्र रोज नवं. अशात गाडीतून तेल जायला लागलं तर मला एक ट्रक विकावा लागेल. आणि मनीष चोर ठरला तर त्याला या पट्ट्यात कोणी स्टिअरिंग देणार नाही. घाईने नाव घ्यायचं नाही मला. तुम्ही शोधा. गुरुवारी दुपारी मला सांगा."

मंगळवार होता. शिवाजी उठला तेव्हा उत्तर त्याच्या मनात तयार होतं. फक्त पुरावा जोडायचा होता.

२

बुधवारी सकाळी त्याने आधी गाडी तपासली. टाकीच्या तळाच्या बोल्टवर महिन्याचा चिखल तसाच वाळलेला होता. इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपच्या पट्ट्यांवर धूळ होती, कुठे बोटाची खूण नव्हती. झाकणातून नाही, तळातून नाही, पाइपातून नाही. मग तेल काढलं कुठून?

विपुल घाबरून गेला होता. "काका, लिटर मी नाही लिहीत. पंपाची छापील पावती असते. आणि बाकीच्या चार गाड्या त्याच पंपावर, त्याच नळीने भरतो मी. त्यांचं ॲव्हरेज होतं तिथेच आहे."

ते खरं होतं. शिवाजीने पावत्या पाहिल्या. पंप चोरत असता तर पाचही गाड्यांना चोरला असता.

मग प्रीतम. मनीषच्या आधी नवी गाडी प्रीतमला मिळणार होती, हे सगळ्या यार्डला ठाऊक होतं. तो टायरची हवा बघत होता. शिवाजीने आडून विचारलं, तसा तो सरळ उभा राहिला.

"तुमी मला विचारता, मी त्याचं वाईट चिंततो का? चिंततो. त्याची गाडी बघली का माझ्या पोटात दुखतं. घरी बायकोला पन सांगितलंय. पन मी पंधरा दिवस वापीच्या फेरीवर हाय. मी निघतो तवा तो यार्डात नाय, तो येतो तवा मी नाय. विपुलचं रजिस्टर बघा."

रजिस्टर बघितलं. प्रीतमचं बोलणं खरं होतं. पण शिवाजीला लागलं ते दुसरंच. पोटात दुखतं, हे वाक्य प्रीतम किती सहज बोलून गेला. शिवाजीला ते अजून स्वतःशीही म्हणता आलं नव्हतं.

मनीष दुपारी चारला परतला. यार्डच्या फाटकापासून शेडपर्यंत थोडा उतार आहे. भाव वाढल्यापासून ड्रायव्हर फाटकातच इंजिन बंद करायचे आणि गाडी आपल्या वजनाने शेडपर्यंत घरंगळत न्यायचे. थेंब वाचला तर वाचला. मनीषची गाडी मात्र उताराच्या अर्ध्यातच थांबली. त्याला पुन्हा इंजिन चालू करून ती शेडमध्ये घ्यावी लागली.

एवढंही जमेना आता, शिवाजीच्या मनात आलं, आणि त्याला बरं वाटलं.

"मनीष, मला खरं सांग. तेल कुठे जातं?"

"काका, मला कळत असतं तर मीच सांगितलं असतं." मनीषचे डोळे जागरणाने लाल होते. "गाडी जड चालते. चढावर दम लागतो तिला. मी तीनदा शांतारामकाकांना दाखवली. ते म्हणतात, डिझेलमध्ये भेसळ आहे, फिल्टर चोंदतो. फिल्टर बदलून देतात. दोन दिवसांनी परत तेच. आजही नेतोय."

शांताराम पिंपळे म्हणजे कुंभवलीतला मेकॅनिक. राऊतांच्या सगळ्या गाड्या त्याच्याच हाताखालून जायच्या, आणि शिवाजीचा तो तीस वर्षांचा दोस्त. शिवाजी मनीषबरोबरच त्याच्या गॅरेजवर गेला. मनीष गाडी लावून चहाला गेला, तसा शांताराम हात पुसत जवळ आला.

"इतका काय विचार करतं? पोरगा शिकलेला हाय. शिकलेल्याला शंभर वाटा सुचतात. सील काय, साखळी काय." त्याने डोळे बारीक केले. "सहा महिने बोलतं ना तू, याचा एकदा तोरा उतरायला पायजे? उतरला. आता सांग तुज्या ताईला, आनि मोकळा हो."

शिवाजीला ते बोलणं गोड लागलं. घरी जाताना त्याने मनात वाक्यंही जुळवली: ताई, पुरावा मिळत नाही, पण गाडी त्याच्याच ताब्यात असते.

३

गुरुवारी सकाळी तो यार्डात पोचला तेव्हा मनीष निघून गेला होता. फाटकाशी ठमी बसली होती. आतल्या पाड्यावरून रोज माठ-मुळा घेऊन येणारी ही बाई गेटबाहेर, संध्याकाळी आत जायच्या आधी रांगेत थांबणाऱ्या ट्रकांच्या सावलीत, टोपली मांडायची. आज मात्र ती टोपली उचलून भिंतीकडे नेत होती.

"काय ठमे, आज जागा बदलली?"

"बदलली ना, दादा. ती नवी गाडी इथं उभी रते ना, तिच्या सावलीत माजी भाजी सुकते. बाकीच्या गाडीखाली नाय सुकत. परवा त मी चाकाला टेकले, माजा हातच भाजला."

"कुठल्या चाकाला?"

"मागल्या. या हाताच्या." तिने डावा हात पुढे केला. मनगटाजवळ कातडी लाल होती.

शिवाजी तिथेच उभा राहिला.

चाक तापतं कधी? ब्रेकचा लायनर चाकातल्या ड्रमला घासत राहतो तेव्हा. पाय ब्रेकवर नसतानाही घासत राहिला तर गाडी जड होते. चढावर दम लागतो. उतारावर घरंगळत नाही, अर्ध्यातच थांबते. आणि इंजिन बिचारं त्या अडलेल्या चाकाला ओढत लिटरामागून लिटर पीत राहतं. लायनर जळल्याचा वास त्याला एरवी फर्लांगावरून आला असता. पण तारापूरच्या रासायनिक कारखान्यांच्या हवेत वास कसला आणि कुठला, हे कोण विचारतो?

तेल कोणी चोरलंच नव्हतं. ते टाकीतून इंजिनात गेलं होतं आणि जळलं होतं. म्हणून सील शाबूत होतं.

ही गोष्ट आठ दिवसांपूर्वी शिवाजीला एका नजरेत कळायला हवी होती. काल उतारावर गाडी अडली तेव्हा तर कळायलाच हवी होती. ती कळली नाही, कारण त्याला कळून घ्यायची नव्हती.

आणि त्याच क्षणी एक दुसरा विचार आला, हलक्या पावलाने. हे फक्त आपल्याला ठाऊक आहे. दुपारी ताईंसमोर गप्प राहिलो तर मनीष गेला. कोणी कधी विचारणार नाही. शिवाजीने तो विचार झटकला नाही. थोडा वेळ त्याच्याजवळच बसला, थंडीत शेकोटीजवळ बसावं तसा.

मग त्याने ऑफिसच्या दारात डोकं घातलं. "विपुल, मनीषला आज माल काय आहे?"

"सॉल्व्हंटचे ड्रम, काका. चार पालघरला उतरवायचे, बाकीचे मनोरवरून पुढे भिवंडीला."

सॉल्व्हंट ठिणगीलाही पेट घेतं. आणि पालघरहून मनोरला जायचं म्हणजे वाघोबाचा घाट.

शिवाजीने मनीषला फोन लावला. घंटा वाजत राहिली. गाडी चालवताना मनीष फोन घेत नसे. चांगल्या ड्रायव्हरची सवय, शिवाजीनेच यार्डात सगळ्यांना लावलेली.

"मोटारसायकल काढ," तो विपुलला म्हणाला आणि शेडमधला पाना घेऊन मागे बसला.

४

पालघरच्या कारखान्यात कळलं, मनीष ड्रम उतरवून वीस मिनिटांपूर्वी निघाला. विपुलने मनोर रस्त्याला गाडी पिळली. प्रत्येक खड्ड्याला शिवाजीचा गुडघा ओरडत होता.

घाट सुरू होतो तिथे त्यांना ट्रक दिसला. चढाला लागला होता, माणूस पाय ओढत चालतो तसा. डाव्या मागच्या चाकातून निळसर धुराची रेघ निघत होती.

विपुलने ट्रकला मागे टाकलं. शिवाजीने दोन्ही हात वर केले. मनीषने गाडी बाजूला घेतली आणि खाली उडी मारली. धूर दिसताच तो काही न विचारता आग विझवायचा सिलिंडर घेऊन धावत आला.

"मारू?"

"थांब. अजून पेट नाही. पाणी तर मुळीच मारू नकोस, ब्रेकचा ड्रम तडकेल. चाकांना दगड लाव आणि तिथेच उभा राहा."

शिवाजी पाना घेऊन ट्रकखाली सरपटला. तापलेल्या लोखंडाची धग गालाला चटके देत होती. डोक्यावर छत्तीस ड्रम होते. ब्रेक कमी-जास्त करायचा नट त्याने चाचपून शोधला आणि उलटा फिरवायला घेतला. पाव फेरा. अर्धा. एक. दुसऱ्या फेऱ्याला आत काहीतरी सुटल्यासारखा टक् आवाज झाला. धूर हळूहळू विरळ होत गेला.

मग तो पलीकडच्या उजव्या चाकाकडे सरकला. तिथल्या नटावर मातीचा जाड थर होता. डाव्या नटाचे कंगोरे मात्र पान्याने घासून चकचकीत झाले होते. ते काही एका दिवसाचं काम नव्हतं.

तो बाहेर आला तेव्हा मनीष अजून सिलिंडर धरून उभा होता.

"कोणीतरी ब्रेक आवळलाय," शिवाजी म्हणाला. "दर खेपेला थोडा थोडा."

"कोणी?"

शिवाजीला उत्तर ठाऊक होतं. पण तो म्हणाला, "गाडी सावकाश यार्डात परत घे," आणि विपुलला मोटारसायकल कुंभवलीकडे वळवायला सांगितलं.

५

कुंभवलीच्या गॅरेजात शांताराम एकटाच होता. शिवाजी स्टुलावर बसला.

"भेसळ म्हणालास. पाच गाड्यांत एकाच नळीचं डिझेल, मग एकच फिल्टर कसा चोंदला? मनीषने गाडी तीनदा इथे आणली. विपुलच्या पावत्यांवर तारखा बघ. तू हात लावलास की दुसऱ्या दिवशी चार-चार लिटर जास्त. प्रीतम वापीला होता. विपुलला पाना कसा धरतात ते माहीत नाही. काल संध्याकाळी चौथ्यांदा आली, आणि आज वाघोबाला चाकातून धूर निघाला. सॉल्व्हंट होतं गाडीत, शांताराम."

शांतारामचा हात थांबला. "सॉल्व्हंट? मला काय ठावं, काय माल भरला ते."

"विचारलंस?"

"नाय विचारला." तो बाकाकडे वळला. मग हातातलं फडकं बाकावर टाकून म्हणाला, "तुज्यासाठीच केला मी. रोज संध्याकाळी इथंच बसून बोलतं तू. याचा ॲव्हरेज एकदा पडला पायजे. किती वेळा बोलला? मोज."

"बोललो."

"मंग? तू बोलला, मी केला."

"फक्त माझ्यासाठी?"

शांताराम खिन्न हसला. "तुज्या पाठी माजं पन नाव होतं. लोक बोलायचे, शिवाजीचा पाय आनि शांतारामचा हात. आता काय बोलतात? मनीषचा डोका. डोका! नट कुठं असतो, त्याला ठावं नाय, आनि ॲव्हरेज त्याचा. आमी कुठं गेलो मंग?"

शिवाजीला त्याचा राग यायला हवा होता. पण शांताराम जे बोलला त्यातला शब्दन् शब्द त्याचा स्वतःचा होता, फक्त दुसऱ्याच्या तोंडून आला होता. तो उठला.

"मी ताईंना तुझं नाव सांगणार आहे."

"सांग. तुजा सांगशील का?"

शिवाजी बाहेर पडला.

६

ऑफिसात राजनंदिनी, मनीष आणि विपुल होते. शिवाजीने क्रमाने सांगितलं. टाकीचा बोल्ट, एका नळीचं डिझेल, अडलेली गाडी, ठमीचा भाजलेला हात, चकचकीत नट. मग शांतारामचं नाव.

राजनंदिनीने डोळे मिटून घेतले. "वडिलांच्या वेळेपासूनचा माणूस. उद्यापासून आपली एकही गाडी तिकडे जाणार नाही. पोलिसांत जायचं की नाही ते मनीष ठरवेल. जीव त्याचा होता." तिने पाण्याचा पेला शिवाजीपुढे सरकवला. "तुमच्यामुळे वाचलं सगळं, काका."

हे वाक्य ऐकायला तो तीन वर्षं थांबला होता. ते घेऊन घरी जाता आलं असतं.

"ताई, अजून संपलं नाही. हात शांतारामचा, पण तोंड माझं. याचं ॲव्हरेज पडावं असं मी सहा महिने त्याच्या कानात घालत होतो. परवा पंपावर आकडा एकसष्टवर गेला तेव्हा मला बरं वाटलं. काल गाडी उतारावर अडली, ती मी बघितली आणि समजून घेतली नाही. आज सकाळी समजलं, तरी मी थोडा वेळ गप्प बसलो होतो. याच्याकडे बघून माझ्या पोटात दुखतं." तो मनीषकडे वळला. "मला माफ कर, असं म्हणायला तोंड नाही."

बाहेर कुठल्यातरी कंपनीचा दोनचा भोंगा झाला. विपुल जमिनीकडे बघत होता.

"थोडा वेळ म्हणजे किती?" मनीषने विचारलं.

"चहा थंड होईल इतका."

मनीषने मान हलवली. "काका, मला राग आलाय. तो कधी जाईल ते सांगता येत नाही. घरी माझी बायको वैभवी पंधरा दिवस धड जेवली नाही. शेजारी तिला विचारायचे, तेल कुठे विकता म्हणून." तो दारापर्यंत गेला आणि थांबला. "पोलिसांचं मी बघतो. पण सोमवारी तुम्ही माझ्या गाडीत बसायचं. वाघोबापर्यंत."

राजनंदिनीने शिवाजीकडे पाहिलं. "सुपरवायझरच्या किल्ल्या तोवर माझ्याकडे राहू देत, काका."

त्याने किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

सोमवारी तो चार वर्षांनी ट्रकच्या केबिनमध्ये चढला, आणि तेही डाव्या बाजूला. पालघर मागे पडलं. मनीष गाडी खरंच सुरेख चालवत होता. गिअर कधी पडला ते कळत नव्हतं. शिवाजीच्या पोटात पुन्हा ती ओळखीची कळ आली. ती गेली नव्हती. जाईल असंही वाटत नव्हतं.

घाटाच्या पायथ्याशी मनीषने वेग कमी केला.

"गाडी जड झाली की मी तेलाच्या भावाला शिव्या देत होतो," तो रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाला. "कच्चं तेल, डॉलर, कर, सगळं मला पाठ. माझ्याच गाडीखाली काय चाललंय ते कळलं नाही. तुम्हाला कळतं ते कशावरून?"

हे शिवाजीने कोणालाच सांगितलं नव्हतं. शांतारामलाही नाही. एकोणीस वर्षांचं ॲव्हरेज त्या एका गोष्टीवर उभं होतं आणि ती गेली की त्याच्याकडे दुसरं काही उरत नव्हतं. अनुभव लागतो रे, एवढं बोलून सोडता आलं असतं. तेच त्याच्या जिभेवर आलंही होतं.

"आधी पंखा बंद कर," तो म्हणाला. "आता काच खाली घे. इंजिन ऐकू नकोस, ते सगळेच ऐकतात. मागची चाकं ऐक. मी सांगतो काय ऐकायचं ते."